जुन्या आउटबोर्ड यंत्राचे व होडीचे साल कसे ओळखावे?

कोकणातील खाडीकाठच्या शेतकऱ्याचे होडीवाचून चालत नाही. खाजणातील भात, गवताचे भारे, खत, नारळ, आंब्याच्या पेट्या, मासळी यांची ने-आण बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग यांसारख्या खाड्यांतून आजही काही प्रमाणात होडीने होते. उजनी, जायकवाडी यांसारख्या मोठ्या जलाशयांच्या काठी शेतीस मासेमारीची जोड देणारी कुटुंबेही पुष्कळ आहेत. वल्ह्यांच्या जागी होडीच्या मागील फळीस अडकवावयाचे आउटबोर्ड यंत्र आल्यापासून श्रम व वेळ यांची मोठी बचत झाली आहे. परंतु नवे यंत्र घेण्याची ऐपत सर्वांनाच असते असे नाही. पुष्कळ शेतकरी जुने यंत्र, किंवा यंत्रासह जुनी होडी विकत घेतात. अशा खरेदीत सर्वांत अधिक फसगत सालाच्या बाबतीत होते. विकणारा सांगतो ते वर्ष घेणाऱ्याने खरे मानावयाचे, अशी जणू रीतच पडून गेली आहे. वस्तुतः बहुतेक यंत्रांवर व पुष्कळशा होड्यांवर त्यांचे साल, किंवा ते शोधून काढण्याचा क्रमांक, कारखान्यानेच नोंदवून ठेवलेला असतो. तो कोठे पाहावा व कसा वाचावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

साल जाणून घेण्याची आवश्यकता

साल कळल्यावाचून योग्य किंमत ठरत नाही, हे उघड आहे. तथापि प्रश्न केवळ किमतीचा नाही. त्याखेरीज तीन गोष्टी सालावर अवलंबून असतात.

पहिली गोष्ट सुट्या भागांची. पाणी खेचणाऱ्या पंपाचे रबरी चक्र, ठिणगीची जोडणी, कार्ब्युरेटरचे पडदे हे भाग वेळोवेळी थोडेथोडे बदलत आले आहेत. साल चुकले की मागविलेला भाग बसत नाही, आणि ऐन हंगामात यंत्र निकामी पडून राहते.

दुसरी गोष्ट तेलाच्या प्रमाणाची. टू-स्ट्रोक यंत्रात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते, व त्याचे प्रमाण सर्व वर्षांच्या यंत्रांना सारखे नसते. उदाहरणार्थ, इव्हिनरूड व जॉन्सन यांच्या १९६४ पासूनच्या बहुतेक यंत्रांस ५० भाग पेट्रोलास १ भाग तेल चालते. त्यापूर्वीच्या अनेक यंत्रांस मात्र २४ भागांस १ भाग लागते. जुन्या यंत्रास नव्या प्रमाणाने तेल दिल्यास दट्ट्या व बेअरिंगे कोरडी पडून यंत्र जाम होते.

तिसरी गोष्ट जिवाची आहे. भर ओहोटीत खाडीच्या मुखाशी यंत्र बंद पडले तर होडी समुद्राकडे ओढली जाते. यंत्र किती जुने आहे, त्यातील कोणता भाग केव्हा बदललेला आहे, याची खरी माहिती असलेला मनुष्य वल्ही व नांगर बरोबर घेतल्याशिवाय निघत नाही, आणि दर हंगामापूर्वी पंप उघडून पाहतो. “सात-आठ वर्षांचेच आहे” या शब्दांवर विसंबणारा मनुष्य ही काळजी घेतोच असे नाही.

रंगावरून वय ठरवू नये

यंत्राचे झाकण काढून नवा रंग देणे अर्ध्या दिवसाचे काम आहे. नव्या सालाची नावपट्टी चिकटविणे त्याहून सोपे. झाकणही एका यंत्राचे दुसऱ्यास बसू शकते. याउलट, गोड्या पाण्यात चाललेले पंधरा वर्षांचे यंत्र खाऱ्या पाण्यातील पाच वर्षांच्या यंत्रापेक्षा अधिक स्वच्छ दिसते. म्हणून रंग, चकाकी व नावाची अक्षरे यांवरून झीज किंवा निगा यांचा अंदाज फार तर बांधावा. साल ठरविण्यास कारखान्याने ठोकलेला क्रमांकच पाहावा.

यंत्रावरील पट्टी

यंत्र होडीच्या फळीस ज्या कमानीने आवळले जाते, त्या कमानीच्या बाजूस धातूची किंवा चिकटविलेली एक लहान पट्टी असते. तीवर दोन नोंदी असतात. एक मॉडेलचा क्रमांक व दुसरा अनुक्रमांक. मॉडेल म्हणजे यंत्राची जात. अनुक्रमांक म्हणजे त्या जातीतील त्या एकाच यंत्राची ओळख. दोन्ही नोंदी पूर्ण उतरवून घ्याव्यात, एकही अक्षर गाळू नये.

पट्टीवर मीठ व रंगाचे थर साचलेले असतात. ते रॉकेलात भिजविलेल्या फडक्याने पुसून काढावेत. पॉलिश कागद किंवा पातेली घासण्याची जाळी वापरू नये, कारण तिने उथळ अक्षरे झिजून जातात. अक्षरे वाचता येत नसतील तर पट्टीवर पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी घासावी म्हणजे ठसा उठतो. मोबाइलवर तिरप्या उजेडात छायाचित्र घेतल्यासही अक्षरे स्पष्ट होतात.

इव्हिनरूड व जॉन्सन यंत्रे

आउटबोर्ड यंत्रांच्या इतिहासात ओल इव्हिनरूड यांचे नाव प्रमुख आहे. नॉर्वेत जन्मलेल्या व अमेरिकेतील मिलवॉकी शहरी स्थायिक झालेल्या या कारागिराने १९०९ मध्ये आपली यंत्रे विक्रीस आणली. पुढे १९३६ मध्ये इव्हिनरूड व जॉन्सन ही दोन्ही नावे आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन या एकाच कंपनीखाली आली. तेव्हापासून पुष्कळदा एकाच बांधणीचे यंत्र दोन्ही नावांनी विकले जाई. ही कंपनी डिसेंबर २००० मध्ये बुडाली. २००१ मध्ये यंत्रांचा व्यवसाय बॉम्बार्डिए कंपनीने घेतला, आणि २०२० मध्ये इव्हिनरूड आउटबोर्डचे उत्पादनही बंद झाले. म्हणून या नावाचे यंत्र घेताना त्या विशिष्ट सालाचे सुटे भाग कोठे मिळतील, याची चौकशी आधी करणे अगत्याचे आहे.

जॉन्सनच्या १९७० नंतरच्या दशकातील यंत्रांवर सालाचे शेवटचे दोन आकडे मॉडेलच्या शेवटी सरळ लिहिलेले आढळतात. शेवटी ७५ असेल तर ते यंत्र १९७५ चे. १९८० पासून मात्र दोन्ही नावांच्या यंत्रांवर आकड्यांऐवजी रोमन लिपीतील अक्षरे आली. त्यांची किल्ली ‘इंट्रोड्यूसेस’ या दहा अक्षरी इंग्रजी शब्दात आहे. शब्दातील प्रत्येक अक्षर क्रमाने एकेका आकड्याबद्दल येते, ते असे:

आय म्हणजे १
एन म्हणजे २
टी म्हणजे ३
आर म्हणजे ४
ओ म्हणजे ५
डी म्हणजे ६
यू म्हणजे ७
सी म्हणजे ८
ई म्हणजे ९
एस म्हणजे ०

मॉडेलच्या अगदी शेवटचे अक्षर बांधणीतील किरकोळ फेरबदल दाखविते. ते सोडून द्यावे. त्याच्या लगत आधीची दोन अक्षरे म्हणजे साल. समजा, पट्टीवर ‘जे २५ आर एल सी यू डी’ असे आहे. ‘जे’ म्हणजे जॉन्सन, २५ ही अश्वशक्ती, ‘आर’ म्हणजे दोरी ओढून चालू होणारे, ‘एल’ म्हणजे लांब दांड्याचे. शेवटचा ‘डी’ सोडला की उरतात ‘सी यू’, म्हणजे ८ व ७. यंत्र १९८७ च्या मॉडेलचे ठरते.

येथे दोन चुका वारंवार होतात. शेवटचे अक्षर न सोडता ‘यू डी’ वाचले तर ७६ हे साल येते. पण ही अक्षरपद्धती १९८० पूर्वी नव्हतीच, तेव्हा असे उत्तर आले की वाचण्यात चूक झाली हे ओळखावे. दुसरी चूक अक्षरांची अदलाबदल. ‘ई एस’ म्हणजे ९०, अर्थात १९९०. ‘एस ई’ म्हणजे ०९, अर्थात २००९. दोन अक्षरे उलटी वाचल्याने एकोणीस वर्षांचा फरक पडतो.

यामाहा यंत्रे

यामाहा कंपनीने अमेरिकेच्या बाजारात विकलेल्या यंत्रांच्या मॉडेलमध्ये १९८४ पासून सालासाठी एकच अक्षर असे. त्यांचा क्रम वर्णमालेप्रमाणे सरळ नाही. १९८४ एन, १९८५ के, १९८६ जे, १९८७ एच, १९८८ जी, १९८९ एफ, १९९० डी. त्यानंतर १९९१ पी, १९९२ क्यू, १९९३ आर, याप्रमाणे पुढे सरळ जाऊन २००० ला वाय, २००१ ला झेड, आणि पुन्हा २००२ ला ए, २००३ ला बी, २००४ ला सी, २००५ ला डी. ‘डी’ हे अक्षर १९९० व २००५ या दोन्ही सालांना आलेले आहे. म्हणून एकट्या अक्षरावर न थांबता यंत्राची बांधणीही पाहावी.

आपल्याकडे मासेमारीसाठी येणाऱ्या एन्ड्युरो जातीच्या यंत्रांस मात्र ही यादी लावू नये. ‘ई ४० एक्स’ या नावातील ‘एक्स’ हे सालाचे अक्षर नव्हे, ते त्या जातीच्या नावाचाच भाग आहे, आणि ते नाव अनेक वर्षे चालत आले आहे. वरील यादी पाहून त्याचे साल १९९९ ठरविणे ही शुद्ध चूक होईल. अशा यंत्रांच्या पट्टीवर तीन अक्षर-अंकांचे मंजूर मॉडेल, फळीची उंची दाखविणारे अक्षर व अनुक्रमांक असतात. उंचीच्या अक्षरांपैकी ‘एस’ म्हणजे आखूड दांडा, ‘एल’ लांब व ‘एक्स’ अतिलांब. साल हवे असल्यास पट्टीवरील संपूर्ण नोंद अधिकृत विक्रेत्याकडे द्यावी. अनुक्रमांकावरून साल शोधणे त्यास शक्य असते.

मर्क्युरी व इतर यंत्रे

मर्क्युरीच्या जुन्या यंत्रांवर सालाचे वेगळे अक्षर नसते. अनुक्रमांक कोणत्या गटात पडतो ते कंपनीच्या यादीत पाहावे लागते. अलीकडील पट्ट्यांवर मात्र मॉडेलचे वर्ष व बांधणीचे वर्ष हे दोन्ही छापलेले असतात. इतर कोणत्याही नावाच्या यंत्रासाठी सर्वसामान्य नियम एकच: मॉडेल व अनुक्रमांक दोन्ही द्यावेत आणि उत्तर लेखी घ्यावे. एका कारखान्याची किल्ली दुसऱ्याच्या कुलपास लावू नये.

ठोकळ्यावरील चकती

कमानीवरील पट्टी कमानीचे साल सांगते. यंत्राचा जीव मात्र वरच्या ठोकळ्यात असतो, आणि ठोकळा बदलता येतो. म्हणून झाकण काढून ठोकळाही पाहावा. इव्हिनरूड, जॉन्सन व मर्क्युरी यांच्या पुष्कळ यंत्रांत ठोकळ्याच्या बाजूस नाण्याएवढी एक गोल धातूची चकती ठोकून बसविलेली असते व तीवर क्रमांक उमटविलेला असतो. पट्टीवरील व चकतीवरील क्रमांक जुळले तर यंत्र मूळ स्थितीत आहे असे मानण्यास हरकत नाही. न जुळल्यास ठोकळा नंतर बसविलेला आहे. ही गोष्ट नेहमीच अप्रामाणिकपणाची असते असे नाही. जुना ठोकळा फुटल्यावर मालकाने रीतसर दुसरा घेतलेला असू शकतो. परंतु त्याची पावती किंवा विश्वसनीय खुलासा मिळाला पाहिजे. पट्टी मुळीच नसणे, रिबिटे ताजी दिसणे, चकतीवर छिन्नीचे घाव असणे, ही चोरीच्या मालाची लक्षणे असू शकतात. असे यंत्र कितीही स्वस्त मिळत असले तरी घेऊ नये.

होडीचे साल

यंत्राचे साल ते होडीचे साल नव्हे. दोन्ही स्वतंत्रपणे पाहावीत.

अमेरिकेत बांधलेल्या होड्यांवर १ नोव्हेंबर १९७२ पासून बारा अक्षर-अंकांचा क्रमांक असणे कायद्याने बंधनकारक झाले. होडीत नाळेकडे तोंड करून उभे राहिले असता उजव्या हातास येणाऱ्या बाजूस, मागील फळीच्या बाहेरील अंगास, वरच्या भागात तो असतो. पहिली तीन अक्षरे कारखान्याची, पुढील पाच त्या होडीच्या अनुक्रमांकाची व शेवटची चार तारखेची. १ ऑगस्ट १९८४ पासून या चारांचा अर्थ असा: पहिले अक्षर महिना, ए म्हणजे जानेवारीपासून एल म्हणजे डिसेंबरपर्यंत, पुढील अंक बांधणीच्या वर्षाचा शेवटचा आकडा, आणि अखेरचे दोन अंक मॉडेलचे वर्ष. शेवटी ‘एच ६ ८७’ असेल तर होडी ऑगस्ट १९८६ मध्ये बांधली, पण १९८७ चे मॉडेल म्हणून विकली. पुढील वर्षाचा माल आधीच बाजारात आणण्याच्या या प्रथेमुळे बांधणीचे वर्ष व मॉडेलचे वर्ष यांत अंतर पडते. ते पाहून क्रमांक खोटा समजू नये. १९८४ पूर्वीच्या काही होड्यांवर ‘एम’ हे अक्षर, दोन आकडी मॉडेल वर्ष व महिन्याचे अक्षर येते. त्या पद्धतीत ए म्हणजे ऑगस्ट. ‘एम ७५ ए’ म्हणजे ऑगस्ट १९७४. इतर अनेक देशांत बांधलेल्या होड्यांवर याच धर्तीचा, परंतु आरंभी देशाची अक्षरे असलेला चौदा अक्षर-अंकांचा क्रमांक आढळतो.

आपल्या किनाऱ्यावर सुताराने बांधलेल्या लाकडी होडीवर किंवा स्थानिक फायबरच्या होडीवर असा क्रमांक बहुधा नसतो. तेथे कागदपत्रांचाच आधार घ्यावा लागतो. मासेमारी नौकेची नोंदणी मत्स्यव्यवसाय विभागाकडे होते. मासेमारीखेरीज वाहतुकीच्या होडीसाठी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात चौकशी करावी. समुद्रात मासेमारी करणाऱ्या नौकांचे नोंदणी क्रमांक देशाची व राज्याची अक्षरे घेऊन येतात. त्यांतील ‘एम ओ’ ही अक्षरे आउटबोर्डसारखे यंत्र लावलेल्या नौकेची, ‘एम एम’ ही आत यंत्र बसविलेल्या यांत्रिक नौकेची व ‘एन एम’ ही बिनयंत्राच्या नौकेची असतात. विक्रीस असलेली होडी व क्रमांकातील अक्षरे जुळतात किंवा नाही, हे अवश्य पाहावे. नोंदणीचे वर्ष मात्र बांधणीचे वर्ष असतेच असे नाही. बांधल्यानंतर पुष्कळ वर्षांनी नोंदलेली होडी असू शकते. शक्य असल्यास होडी बांधणाऱ्या सुताराची किंवा कारखान्याची पावती मागावी.

कागद नसल्यास होडीच निरखून पाहावी. यंत्र ज्या मागील फळीवर बसते ती लाकडी मुठीने ठोकून पाहावी. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज येणे किंवा बोल्टाच्या भोकातून काळसर पाणी झिरपणे म्हणजे आतील लाकूड कुजले आहे असे समजावे. यावरून साल कळत नाही, पण होडी यंत्राचा भार पेलेल की नाही हे कळते.

एक उदाहरण

समजा, खाडीकाठचा एक शेतकरी पीक विकून आलेला पैसा व सोसायटीचे थोडे कर्ज मिळून यंत्रासह फायबरची होडी घेऊ इच्छितो. विकणारा नोंदणीचा कागद दाखवितो. त्यावर २०१६ हे वर्ष आहे. “तात्या, कागदच बघा. होडी नि मशीन एकदमच घेतलीत,” असे तो सांगतो. व्यवहार जवळजवळ ठरतो. गावच्या कार्यकर्त्याने सुचविल्यावरून शेतकरी पट्टी पुसून पाहतो, तो तीवर वर दिलेला ‘जे २५ आर एल सी यू डी’ हा क्रमांक निघतो. साल १९८७. झाकण काढल्यावर चकतीवर शेवटी ‘ई टी बी’ ही अक्षरे दिसतात. शेवटचा ‘बी’ सोडला की ‘ई टी’, म्हणजे १९९३.

याचा अर्थ स्पष्ट आहे. २०१६ हे वर्ष केवळ होडीच्या नोंदणीचे. यंत्र दोन यंत्रे मिळून झालेले, त्याची कमान व खालचा भाग १९८७ चा, ठोकळा १९९३ चा. ते चालणारच नाही असे नव्हे. ठोकळ्याच्या दोन्ही सिलिंडरांचा दाब सारखा आला, पाण्याचा झोत नीट पडला व ठोकळ्याची पावती मिळाली, तर शेतकऱ्याने होडीची किंमत वेगळी व यंत्राची वेगळी ठरवून व्यवहार करावा. मात्र यंत्राची किंमत नव्या होडीच्या वयाने न ठरता तीस-चाळीस वर्षांच्या यंत्राची म्हणून ठरेल. पावती न मिळाल्यास केवळ होडीचा व्यवहार करावा. पाच मिनिटांच्या या तपासणीने कर्जाचा बोजा वाढण्याचे टळते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी करावयाचे साह्य

पुष्कळ शेतकऱ्यांस रोमन अक्षरे वाचण्याची सवय नसते. आय व १, ओ व ०, एस व ५ यांत गल्लत होते. अशा वेळी कार्यकर्त्याने स्वतः हजर राहून क्रमांक उतरवून द्यावा. गावात ज्यांची आउटबोर्ड यंत्रे आहेत, त्यांचे मॉडेल, अनुक्रमांक व साल एका वहीत नोंदवून ठेवल्यास दोन लाभ होतात. सुटे भाग एकत्र मागविता येतात, आणि यंत्र चोरीस गेल्यास पोलिसांना नेमका क्रमांक देता येतो.

सारांश

१. विकणाऱ्याचे सांगणे, रंग व चिकटविलेली नावे यांवरून साल ठरवू नये.

२. कमानीवरील पट्टी, ठोकळ्यावरील चकती व होडीचा क्रमांक ही तिन्ही ठिकाणे पाहावीत व क्रमांक पूर्ण उतरवून घ्यावेत.

३. इव्हिनरूड-जॉन्सनच्या १९८० नंतरच्या यंत्रांत शेवटचे अक्षर सोडून त्याआधीची दोन वाचावीत. इतर नावांच्या यंत्रांना ही किल्ली लावू नये.

४. मॉडेलचे वर्ष, बांधणीचे वर्ष व नोंदणीचे वर्ष ही तीन वेगळी वर्षे आहेत, हे ध्यानात ठेवावे.

५. तेलाचे प्रमाण त्या सालाच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे.

६. विक्रीच्या पावतीवर यंत्राचा व होडीचा क्रमांक, साल, किंमत आणि दोघांच्या सह्या घ्याव्यात. त्यानंतरच पैसे द्यावेत व होडीची नोंदणी आपल्या नावे करून घ्यावी.